प्रेमकथेचे बीज कुठे सापडते? एका प्रणयकादंबरीकाराची कामाची पद्धत

खाडीकाठ (धागाकर्ती, ठाणे)

नमस्कार मंडळी,

कथालेखनाच्या मागच्या धाग्यावर अनेकांनी मला विचारले की इतक्या प्रेमकथा सुचतात तरी कशा, आणि त्या लिहिण्यासाठी रोजचा दिवस कसा बसवावा लागतो. दोन ओळींत उरकावा असा हा विषय नाही, म्हणून स्वतंत्र धागा काढते आहे. मी ठाण्यात राहते आणि प्रणयकादंबऱ्या लिहिते. वाचनालयात हाताळून हाताळून ज्यांच्या कडा काळ्या पडतात, त्या प्रकारच्या कादंबऱ्या.

मुद्दा आधी सांगते. दोन माणसांचे प्रेम कसे जमते, हे वाचकाला लेखकाइतकेच ठाऊक असते. जमलेले प्रेम कशापायी अडते, हे मात्र प्रत्येक काळात आणि प्रत्येक गावात निराळे असते, आणि ते शोधण्यातच माझा बहुतेक वेळ जातो. मला आजवर एकही कादंबरी नायक-नायिकेवरून सुचलेली नाही; दर वेळी आधी अडचण हाती लागली आणि त्या अडचणीत सापडतील अशी माणसे नंतर शोधावी लागली. जुन्या कादंबऱ्यांतली भलत्याच्या हाती पडलेली चिठ्ठी किंवा नायकाची अचानक झालेली परगावची बदली आता चालत नाही, कारण ज्याच्या त्याच्या खिशात फोन आहे. जात आणि पत्रिका मात्र कुठेही गेलेल्या नाहीत. उलट त्यांच्या जोडीला गृहकर्जाचा हप्ता, अकरा महिन्यांचा भाडेकरार, पुनर्विकासासाठी रिकामी करायची इमारत आणि रात्रपाळी येऊन बसली आहे.

एक उदाहरण सविस्तर देते. माझ्या अलीकडच्या कादंबरीचे बीज विवाह नोंदणी कार्यालयाच्या सूचनाफलकावर मिळाले. मी नात्यातल्या एका लग्नाला साक्षीदार म्हणून गेले होते आणि नंबर लागेपर्यंत त्या फलकासमोर उभी होते. जाळीच्या दाराआड टाचण्यांनी लावलेले कागद, प्रत्येकावर दोघांची छायाचित्रे, नावे, वये, व्यवसाय आणि पत्ते. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचे तर दोघांपैकी एकाचे तरी त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य असावे लागते. मग नोटीस द्यायची, ती कार्यालयात दर्शनी जागी लागते, आणि त्यानंतरच्या ३० दिवसांत कोणालाही हरकत घेता येते. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झाले नाही, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. हिंदू विवाह कायद्याखालच्या लग्नाला अशी नोटीस लागत नाही. पण भिन्न धर्मांची दोघे आपापला धर्म न सोडता लग्न करू पाहतात, तेव्हा त्यांच्यापुढे हाच रस्ता असतो. म्हणजे घरच्यांपासून लपवण्याची निकड ज्यांना सर्वांत जास्त, त्यांचाच पत्ता भिंतीवर लागतो.

माझे सगळे कथानक त्या तीस दिवसांत बसले. नायिकेच्या इमारतीतले एक गृहस्थ दुसऱ्याच कामासाठी त्या कार्यालयात जातात, फलकावर तिचे छायाचित्र पाहतात, आणि घरी परतल्यावर कोणालाही काही सांगत नाहीत. ते का सांगत नाहीत, हा त्या कादंबरीचा मधला आणि माझ्या मते सर्वांत सकस भाग आहे. प्रेमाचे प्रसंग त्यात मोजकेच आहेत, तरी वाचकांची पत्रे आली ती त्या गृहस्थांबद्दल.

दिनचर्येविषयी सांगण्यासारखे थोडे आहे. सकाळचे पाणी भरून झाले, डबे गेले, की दुपारच्या जेवणापर्यंत मी टेबल सोडत नाही. पहिला खर्डा हाताने, फुलस्केप वहीत, फक्त उजव्या पानावर; डावे पान दुसऱ्या वाचनातल्या दुरुस्त्यांसाठी कोरे ठेवते. दुपारनंतर नवे लिहीत नाही. तो वेळ टंकलेखनाचा, मुद्रिते तपासण्याचा आणि बाहेर पडून माहिती गोळा करण्याचा. मनःस्थिती असेल तेव्हा लिहू असे म्हणणाऱ्यांच्या कादंबऱ्या विसाव्या पानाशी थांबलेल्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत.

नौपाडा वाचक

ताई, धागा फार आवडला. एक प्रश्न भीत भीत विचारते. आपल्या नायिका इतक्या खऱ्या वाटतात की त्या आपल्या ओळखीतल्याच असाव्यात अशी शंका येते. आसपासच्या माणसांना आपण कथेत घेता का, आणि घेतले तर त्यांना ते कळत नाही का? आणि संध्याकाळी तलावपाळीवर इतकी जोडपी बसलेली असतात, त्यांच्याकडे पाहून काही सुचत असेल ना?

खाडीकाठ

माणूस जसाच्या तसा उचलायचा नाही, हा मी स्वतःला घालून घेतलेला नियम आहे. एखाद्याची बोलण्याची लकब घेतली तर त्याचा व्यवसाय, घर आणि दुःख दुसऱ्या कोणाचे तरी असते. त्याहून महत्त्वाचे असे की ज्याने विश्वासाने आपले काही सांगितले, त्याची हकीकत मी कधीच वापरत नाही. ऐकू आलेले वापरते. सांगितलेले वापरत नाही.

तलावपाळीवरच्या जोडप्यांचा मात्र मला फारसा उपयोग होत नाही. मासुंदा तलावाच्या कठड्यावर उघडपणे शेजारी बसता येते, म्हणजे बरेच काही आधीच पार पडलेले असते. मला हवी असतात ती अजून शेजारी बसू न शकणारी माणसे, आणि ती स्थानकावर सापडतात. ठाण्याहून नवी मुंबईकडे जाणाऱ्या ट्रान्स-हार्बर लोकलच्या काही गाड्या वाशीला जातात आणि काही नेरुळ-पनवेलकडे. ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे ही स्थानके घेत तुर्भ्यापर्यंत दोन्हींचा मार्ग एकच असतो. तिथून पुढे एक सानपाड्याकडे वळते आणि दुसरी जुईनगरकडे. एक तरुण वाशीची गाडी समोर लागलेली असताना ती सोडून पनवेलच्या गाडीची वाट पाहत उभा राहिलेला मी पुन्हा पुन्हा पाहिला. त्याच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर वाशीतल्या कार्यालयाचे नाव होते. पनवेलच्या गाडीने जायचे तर त्याला तुर्भ्याला उतरून गाडी बदलावी लागणार, आणि रोजची दहा-पंधरा मिनिटे वाया जाणार. तो कोणासाठी असे करत होता हे मला कधीच कळले नाही, आणि कळून घ्यायचेही नव्हते. ज्या नायकाला बोलता येत नाही, त्याचे प्रेम दाखवायला इतके पुरेसे असते.

निवृत्त ग्रंथपाल

मी आयुष्यभर ग्रंथालयाच्या काउंटरवर बसलो, म्हणून दोन शब्द लिहितो. आपले ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ सालचे. तेव्हापासून या शहरात वाचणाऱ्या पिढ्या घडल्या, आणि त्यांतल्या पुष्कळ गृहिणींच्या वाचनाची सुरुवात प्रणयकादंबरीने झाली, हे मी डोळ्यांनी पाहिलेले सत्य आहे. देवघेव विभागात एक गोष्ट हमखास दिसायची. पुस्तकाच्या एखाद्या ठरावीक पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने काढलेल्या बारीक खुणा: कोणाचे फूल, कोणाचा त्रिकोण, कोणाचे आद्याक्षर. आपण हे पुस्तक आधी नेले होते का, हे चटकन कळावे म्हणून वाचक बायका आपापली खूण ठरवून ठेवत. नियमाप्रमाणे मी त्या खोडायला हव्या होत्या, पण मी त्या जाणून राहू दिल्या. काही पुस्तकांत एकच खूण दोनदा असे, म्हणजे ठाऊक असूनही पुस्तक पुन्हा नेलेले असे. कोणत्याही समीक्षेपेक्षा ती दुसरी खूण मला अधिक बोलकी वाटते.

या प्रकाराला हलके मानणाऱ्यांनी तो लिहिणाऱ्यांची आयुष्ये पाहावीत. डॉ. सुमती क्षेत्रमाडे आणि डॉ. कुसुम अभ्यंकर या दोघीही व्यवसायाने डॉक्टर होत्या. अभ्यंकर तर रत्नागिरीच्या आमदारही होत्या. दवाखान्यात बसणाऱ्या बाईला घराघरांतले जे ऐकायला मिळते, ते इतर कोणाला मिळत नाही. धागाकर्तीने अडचणीचा जो मुद्दा मांडला आहे, तो त्या दोघींना दवाखान्यात रोजच भेटत असणार असे मला वाटते.

ऐरोलीकर

आदरपूर्वक मतभेद नोंदवतो. अडचणींविषयी लेखिका जे म्हणतात ते पटते, पण शेवट गोडच होणार हे पहिल्या पानापासून ठरलेले असेल, तर त्या अडचणींना अर्थ काय उरतो? प्रत्यक्षात फलकावरची नोटीस कोणीतरी वाचतो आणि लग्न मोडते. कादंबरीत ते मोडत नाही, आणि मग वाचणाऱ्या मुलींच्या मनात खोट्या अपेक्षा तयार होतात. माझ्या मते हा साहित्यप्रकार त्याच्या शेवटामुळेच मार खातो.

खाडीकाठ

आपला आक्षेप मी गंभीरपणे घेते, कारण तो जुना आहे आणि प्रामाणिकही आहे. ना. सी. फडके यांनी कलेसाठी कला म्हणावे आणि वि. स. खांडेकर यांनी जीवनासाठी कला म्हणावे, हा वाद आपल्याकडे एक-दोन पिढ्या चालला. त्यात फडक्यांच्या बाजूची एक गोष्ट लोक विसरतात: १९३१ च्या ‘प्रतिभासाधन’ मध्ये त्यांनी कादंबरीचा विचार शिकून घेण्याजोगे तंत्र म्हणून केला. प्रणयकादंबरी लिहिणाऱ्याला हा दृष्टिकोन फार उपयोगी पडतो, कारण इथे शेवट ठरलेला असल्यामुळे सगळा कस मधल्या बांधणीत लागतो.

शेवट ठरलेला असतो हे मी नाकारत नाही. अमेरिकेतल्या प्रणयकादंबरीकारांच्या संघटनेने तर व्याख्येतच दोन अटी घातल्या आहेत: प्रेमकथा कादंबरीच्या केंद्रस्थानी हवी, आणि शेवट भावनेला समाधान देणारा व आशादायी हवा. पण शेवट ठाऊक असल्याने अडचण पोकळ होत नाही. कीर्तनात नल-दमयंतीचे आख्यान लागते, तेव्हा मंडपातल्या म्हातारीपासून पोरापर्यंत सर्वांना ठाऊक असते की नळ परत येणार आहे. तरीही तो अरण्यात झोपलेल्या दमयंतीचे अर्धे वस्त्र फाडून घेतो त्या जागी मंडप स्तब्ध होतो. श्रोता काय होणार हे ऐकायला आलेला नसतो, नळाला हे करावेसे कसे वाटले ते ऐकायला आलेला असतो.

खोट्या अपेक्षांविषयी माझे म्हणणे असे की खोटेपणा गोड शेवटात नसतो, स्वस्तात मिळालेल्या शेवटात असतो. नायकाच्या वडिलांना हृदयविकाराचा झटका येतो आणि ते अंथरुणावरून लग्नाला परवानगी देतात, असा शेवट मी कधीही लिहिणार नाही. माझ्या नोटिशीच्या कादंबरीत लग्न होते, पण नायिकेची आई त्याला येत नाही, आणि पुस्तक संपेपर्यंत तिचा फोनही येत नाही. ते लिहिताना एका प्रकाशकाने मला शेवटचे दोन फॉर्म, म्हणजे बत्तीस पाने, कापून आईला लग्नाला आणण्याची सूचना केली होती, कारण कागदही वाचला असता आणि वाचकही खूश झाला असता. मी हस्तलिखित परत घेतले. ते दुसरीकडे छापून यायला पुष्कळ वेळ लागला, पण पाने शाबूत राहिली.

मालिकालेखक

मी मोबाइलवरच्या वाचन-अॅपवर भागाभागाने प्रेमकथा लिहितो. आमच्याकडे प्रत्येक भागाच्या शेवटी उत्कंठा ताणावी लागते, आणि खाली वाचकांच्या प्रतिक्रियांचा ढीग जमतो: दोघांना लवकर भेटवा, त्या मैत्रिणीला काढून टाका, अमुकाला मारू नका. अशा वेळी मूळ आराखडा कसा सांभाळायचा?

निवृत्त ग्रंथपाल

भागाभागाने लिहिणे आपल्याकडे नवे नाही. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केले आणि आपल्या मोठमोठ्या कादंबऱ्या त्यातच क्रमशः लिहिल्या. वाचक पुढच्या अंकाची वाट पाहत तेव्हाही होते.

खाडीकाठ

मालिकालेखक, आपण लिहायला बसण्यापूर्वी अडचणीचे शेवटचे टोक ठरवून ठेवा, एवढेच सांगेन. मधली वळणे वाचकांच्या आग्रहाखातर बदलली तरी चालतात. पण दोघे नेमके कशामुळे अडले आहेत, ते पहिल्या भागापासून शेवटपर्यंत एकच राहिले पाहिजे. ज्या मैत्रिणीला वाचक काढा म्हणतात, ती अडचणीचा भाग असेल तर ठेवा. निव्वळ गैरसमज घडवण्यासाठी आणलेली असेल तर वाचकांचे बरोबर आहे.

उत्पन्नाविषयी आपण विचारले नाही, तरी लिहिते, कारण लेखनजीवन म्हणताना हे झाकून चालत नाही. मराठीत केवळ कादंबऱ्यांवर घर चालवणे फार थोड्यांना जमते. माझ्या वर्षाचा आकार दिवाळी अंकांनी ठरतो. १९०९ साली ‘मनोरंजन’ ने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखकाचे वर्ष त्या सणाला बांधले गेले आहे. उन्हाळ्यात संपादकांची विचारणा येते, पावसाळ्यात मजकूर द्यावा लागतो. म्हणून फराळाच्या वासाचे प्रसंग मी वैशाखाच्या उकाड्यात लिहिते. त्या काळात कादंबरी बाजूला पडते, आणि पुन्हा हातात घेताना पहिली तीन प्रकरणे वाचून सूर धरावा लागतो.

ऐरोलीकर

मंडपाचे उदाहरण पटले. आईचा फोन न येणे हेही पटले. शेवटाबद्दलचे माझे मत पूर्ण बदललेले नाही, पण ती कादंबरी आता मिळवून वाचेन. आमच्या ऐरोलीकडून खाडीत रोहित पक्षी पाहायला बोटी जातात; आपल्या कथांत ही खाडी का येत नाही?

खाडीकाठ

येणार आहे, सध्याचे काम तेच आहे. रोहित पक्षी म्हटले की लेखकाला फक्त गुलाबी रंग आठवतो, आणि तेवढ्यावर प्रसंग लिहिला की तो रंगीत दिनदर्शिकेवरच्या चित्रासारखा सपाट होतो, म्हणून मी आधी वेळापत्रक समजून घेतले. ठाणे खाडीतला हा पट्टा २०१५ साली अभयारण्य झाला आणि २०२२ साली रामसर क्षेत्रांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत आला. पक्षी थंडीच्या सुमारास येऊ लागतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर जातात, त्यामुळे पहिल्या पावसात भिजणाऱ्या नायक-नायिकेच्या मागे त्यांचा थवा उडवता येत नाही. मला सर्वांत मोलाची वाटली ती भरती. बोट पाण्याच्या वेळेवर सुटते, आणि भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. माझा नायक अशा बोटीवर काम करतो, खाडीकाठच्या कोळीवाड्यातला आहे. नायिका ऐरोलीच्याच एका कंपनीत पाळीने काम करते. त्याचे घड्याळ चंद्रावर चालते आणि तिचे परदेशातल्या ग्राहकांवर. दोघांना एकाच वेळी मोकळीक मिळेल असे दिवस महिन्यात फार थोडे येतात. घरच्यांचा विरोध तर आहेच, पण वेळ जमत नाही ही अडचण मला अधिक आजची वाटते.

घणसोलीची

ताई, मी अशाच कंपनीत रात्रपाळी करते, म्हणून एक माहिती देते; उपयोगी वाटली तर घ्या. रात्री घरी सोडणाऱ्या गाडीत शेवटी उतरणारी व्यक्ती महिला असू नये, असा आमच्याकडे नियम आहे. तसे होणारच असेल तर सोबत सुरक्षारक्षक द्यावा लागतो. रक्षक कमी पडले की मार्गातल्या एखाद्या पुरुष सहकाऱ्याला विचारतात. मग तो स्वतःच्या घरावरून पुढे जातो, शेवटच्या मुलीला दारात सोडतो, आणि त्याच गाडीने उलटा परत येतो. आमच्या मार्गावर एक जण रबाळ्याला राहतो आणि मला घणसोलीला सोडून परत जातो. आमच्यात तसे काही नाही, हे आधीच स्पष्ट करते! पण पहाटे साडेतीनला कोणी आपल्यासाठी आपली झोप लांबवते, याची जाणीव मनात राहतेच.

खाडीकाठ

घणसोलीच्या ताई, तुमचे मनापासून आभार. स्वतःचे घर ओलांडून पुढे जाणारा माणूस मला कल्पनेने सुचला नसता. तुमची अनुमती असेल तर नियम आणि मार्ग घेईन. तुम्हाला किंवा त्या सहकाऱ्याला ओळखता येईल असे काहीही घेणार नाही. एक शंका आहे: कोण कुठे आणि किती वाजता उतरले, याची नोंद कुठे होते का?

घणसोलीची

खुशाल घ्या. नोंद होते. चालकाकडे छापील तक्ता असतो. प्रत्येकाने उतरताना वेळ लिहून सही करायची. तो तक्ता दुसऱ्या दिवशी वाहतूक विभागाकडे जातो. आता अॅपवरही नोंद होते आणि उतरल्याचा संदेश घरच्यांच्या क्रमांकावर जातो, तुम्ही तो क्रमांक दिलेला असेल तर.

खाडीकाठ

हे फारच महत्त्वाचे आहे. म्हणजे नायिकेच्या वडिलांना रोज पहाटे संदेश येतो, आणि ते जागे राहून गाडीचा आवाज व संदेशाची वेळ ताडून पाहतात. ज्या दिवशी ती गाडीतून कोपऱ्यावर उतरून भरतीच्या बोटीकडे जाईल, त्या दिवशी संदेश वेळेवर येईल आणि बेल मात्र वाजणार नाही. माझे सहावे प्रकरण याच ठिकाणी अडले होते. गाडीतला तो सहकारी तिथे हजर असेल, आणि तक्त्यावर तिच्या नावापुढे कोणती वेळ लिहिली गेली हे फक्त त्यालाच ठाऊक असेल. आणखी विचारते: प्रवासी ठरल्या जागेच्या आधीच उतरतो म्हणाला, तर चालक थांबवतो का, की त्याला कार्यालयात फोन करावा लागतो?

घणसोलीची

फोन करावाच लागतो, आणि तो फोन झाला की नोंद बदलते. म्हणून चालकाला विश्वासात घेतल्याशिवाय तुमच्या नायिकेला कोपऱ्यावर उतरता येणार नाही.

खाडीकाठ

मग चालकालाही आता नाव आणि घर द्यावे लागेल. उद्या सकाळी त्याच्यापासूनच सुरुवात करते.